वाचून होतात का इतकी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी येणारं जवळजवळ प्रत्येक जण कपाटांसमोर उभं राहून हेच विचारतं, "एवढी सगळी पुस्तकं वाचून झालीत?" नाही झालेली. निम्मीही नसतील. तरी येत्या शनिवारी मी पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात जाणार आहे आणि पिशवी रिकामी आणणार नाही.

पुस्तक कधी वाचायचं ते मी ठरवू शकते. कधी घ्यायचं, ते मराठीत आपल्या हातात नसतं. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांच्या घरात होते. आणि आपल्याकडे पुस्तकाची आवृत्ती वर्षानुवर्षं हजार प्रतींची निघत आली. आता ती पाचशेवर, कधी त्याहून खाली आली आहे. ऑफसेटवर छापायचं तर प्लेटा आणि मशीनची जुळणी यांचा खर्च प्रती कितीही काढा, तेवढाच. म्हणून हजार छापायच्या, त्या खपायला वर्षं जायची आणि तोवर पैसा गोदामात पडून. आवृत्ती संपली की तोच पैसा पुन्हा अडकवायला प्रकाशक कचरतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. डिजिटल छपाईमुळे शंभर-दोनशे प्रती काढता येतात हे फार चांगलं झालं, पण प्रत महाग पडते आणि एवढ्याशा प्रती दुकानाच्या फळीपर्यंत पोचतच नाहीत.

गाजलेल्या कादंबऱ्या फिरून येतात. त्यांची मला काळजी नाही. पण एखाद्या तालुक्याचा इतिहास, जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह, बोलीतल्या शब्दांची यादी, कुणा निवृत्त शिक्षकाने पदरमोड करून छापलेलं गावाचं पुस्तक, हे संपलं की संपलं. छापणारा राहत नाही, वारसांना हक्कांचं काही ठाऊक नसतं, आणि दुकानदार नुसती मान हलवतो. असं पुस्तक समोर दिसलं आणि मी "पुढच्या महिन्यात बघू" म्हटलं, तर तो पुढचा महिना येत नाही. पावसाळ्याआधी घरात बेगमी करतात, तशी माझी ही खरेदी आहे. गरज लागेल तेव्हा बाजार उघडा असेलच असं नाही.

एकदा शेजारची मुलगी जुन्या मापांवर काही लिहीत होती. पायली, अदमण, शेर, मापटं, चिपटं, कोळवं. कुठल्या भागात कुठलं माप किती भरायचं, ते तिला हवं होतं. माझ्याकडे मावळातल्या शेतीवरचं एक बारीकसं पुस्तक होतं, रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने आणलेलं. मी ते उघडलंही नव्हतं. तिला जे हवं होतं ते त्यातच निघालं. ते पुस्तक मी वाचलं नाही म्हणून वाया गेलं, असं कुणी म्हणू शकेल का? मला नाही वाटत. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं एक असं, की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. तो वाचक दर वेळी मीच असायला पाहिजे असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

"मग ग्रंथालयातून आणा ना," हा पुढचा प्रश्न. आणते की. पुण्याला त्या बाबतीत काही कमी नाही. नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासूनचं. पण सार्वजनिक ग्रंथालयं अनुदानावर आणि तुटपुंज्या वर्गणीवर चालतात, जागा त्यांनाही पुरत नाही, आणि जे वाचक मागत नाहीत ते केव्हातरी बाहेर काढावं लागतं. शिवाय पक्की बांधणी करताना मुखपृष्ठ बऱ्याचदा जातं. चित्रकार दीनानाथ दलालांनी रंगवलेलं मुखपृष्ठ अशा पुठ्ठ्याखाली कायमचं गेलेलं पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं.

आणि एकाच ठिकाणी एकच प्रत असण्याचा धोका पुण्याला कुणी समजावून सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधून पाणी गेलं. माणसं, घरं, संसार गेले. त्या दुःखापुढे पुस्तकांचं नाव काढू नये हे मलाही कळतं. पण त्या घरांत कपाटंही होती. एखादं पुस्तक दहा घरांत, दहा गावांत असेल, तरच त्यातलं एखादं टिकतं.

परत छापलं जाण्यासाठीसुद्धा कुठेतरी एक धड प्रत लागते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती पुण्यातल्याच शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ मध्ये पुन्हा काढली. मधली एकशे अठरा वर्षं ती कुणीतरी सांभाळली होती, वाळवीपासून, कसरीपासून, दमट भिंतींपासून. मीही पावसाळ्यात कप्प्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवते आणि दसऱ्याच्या आसपास एकेक कप्पा उतरवून वारा देते. ते काम मला आवडतं.

पैशांचं म्हणाल, तर प्रकाशनपूर्व सवलत, प्रदर्शनं आणि रद्दी यांतूनच बरीचशी आली आहेत. जागेचं म्हणाल, तर पलंगाखालचा कप्पाही भरला आहे, आता स्वयंपाकघराच्या माळ्याकडे बघते आहे.

आणि माझ्यानंतर काय, हेही तुम्ही दबक्या आवाजात विचारलंत. एका जाड वहीत यादी केली आहे: नाव, साल, कुठून घेतलं, कोणत्या विषयाच्या माणसाला उपयोगी पडेल. भाचीला वही दाखवून ठेवली आहे. तोवर ज्याला जे हवं त्याने ते घेऊन जावं, वहीत लिहून. दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाचे खंड आणि मोल्सवर्थ तेवढे मी घराबाहेर देत नाही. ते इथेच बसून पाहावे लागतील. दुपारी तीननंतर या, मी घरीच असते.