गुरुवारची पायरी: चौदा महिन्यांनंतरची नोंद

गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीजवळच्या एका पायरीवरून, दर गुरुवारी सकाळी सात वाजता, एकच चौकट टिपायची, असा संकल्प मी गेल्या वर्षीच्या जूनमध्ये केला होता. गुरुवारच का, हे नाशिककरांना सांगावे लागणार नाही. बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो, आणि तो उठून गेल्यावर मागे जे राहते ते उजाडल्यापासून झाडू फिरेपर्यंतच्या थोड्या वेळातच दिसते. आजवर ६१ गुरुवार झाले आणि त्यांपैकी ४९ गुरुवारांच्या चौकटी हाती आहेत. राहिलेल्या १२ पैकी पाच पुराने नेल्या, दोन माझ्या तापाने, आणि उरलेल्या पाच, कबूल केलेले बरे, निव्वळ आळसाने.

कल्पना माझी नाही. जेम्स बेलॉग या अमेरिकन छायाचित्रकाराने २००७ पासून हिमनद्यांसमोर कॅमेरे कायमचे रोवून ठेवले आणि ठरावीक अंतराने त्यांना आपोआप छायाचित्रे घ्यायला लावली. सुटे छायाचित्र पाहिले तर तो केवळ देखणा निळा बर्फ असतो. तीच चौकट वर्षानुवर्षांच्या क्रमाने पाहिली की बर्फ मागे हटताना दिसतो. आपल्या घाटावर कॅमेरा असा रोवून ठेवला तर पुढच्या आठवड्यात तो जुन्या बाजारात विकत घ्यावा लागेल, म्हणून मी स्वतःच जाऊन उभा राहतो.

पहिले दोन महिने चौकट जुळवण्यातच गेले. पायरीच्या दगडात गंजलेली एक लोखंडी कडी आहे; ट्रायपॉडचा पुढचा पाय तिला टेकवायचा, पहिल्या आठवड्याचे छायाचित्र मोबाइलवर उघडून समोर धरायचे, आणि मारुतीच्या खांद्याची रेषा व पलीकडच्या काठाची रेषा जुळेपर्यंत कॅमेरा हलवायचा, ही माझी पद्धत. ३५ मिलिमीटरची लेन्स, एफ ८ (लेन्सचे छिद्र), आयएसओ १०० (प्रकाशाची संवेदनशीलता), यांत बदल नाही. मोठी चूक केली ती व्हाइट बॅलन्समध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरा कशाला मानायचे त्या मापात. सुरुवातीच्या सात चौकटी ऑटोवर घेतल्या आणि घरी येऊन शेजारी लावल्या तेव्हा पाण्याचा रंग सगळ्यांत जवळपास सारखाच, सभ्य राखाडी दिसला. डोळ्यांना तर काही गुरुवारी पाणी चहासारखे आणि काही गुरुवारी शेवाळी हिरवे दिसले होते. चौकटीत रंगाचा झाक वाढला की कॅमेरा तो दोष समजून पुसून टाकतो, आणि मला नेमका तो झाकच हवा होता. तेव्हापासून ५२०० केल्विन कायम ठेवले आहे. जुन्या सात चौकटी सुदैवाने रॉ स्वरूपात होत्या, म्हणजे रंग नंतर बदलता येतील अशा कच्च्या फाइली, त्यामुळे वाचल्या. मोबाइलवर असा उपक्रम करणाऱ्यांनी व्हाइट बॅलन्स बांधून ठेवता येणारे ॲप आधी शोधावे, बाकीचे नंतर.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी आहे. ऑक्टोबरमध्ये घाटाच्या खालच्या अंगाला एका लहानशा बंधाऱ्याखाली पांढरा फेस साचला होता. धुण्याच्या साबणातील आणि पावडरीतील द्रव्यांनी पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, आणि असे पाणी उंचावरून पडताना त्यात हवा मिसळली की फुगे फुटायचे ते टिकून राहतात. मी दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी गडद काच, लावला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), १/६० सेकंदाचे एक्स्पोजर सुमारे १७ सेकंदांवर नेले, आणि फेसाचे रूपांतर डोंगरावरच्या धुक्यात झाले. आमच्या छायाचित्रकारांच्या गटात त्या छायाचित्राला जेवढी दाद मिळाली तेवढी उरलेल्या वर्षभराच्या कामाला मिळालेली नाही. एका ज्येष्ठ सभासदांनी तर ‘हे त्र्यंबकच्या बाजूचे का?’ असे कौतुकाने विचारले, आणि ते ऐकून मी ती फाइल बाजूला ठेवली.

कॅनडाचे छायाचित्रकार एडवर्ड बर्टिन्स्की यांची खाणींची आणि टाकाऊ मालाच्या ढिगांची भव्य छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. तीही सुंदरच असतात आणि त्यावरून वादही होतात. मला त्यांच्या बाजूने एवढेच दिसते की त्यांच्या चौकटीत सौंदर्याला भुलून जवळ गेलेल्या माणसाला टायर टायरच दिसतो, यंत्र यंत्रच दिसते. माझ्या फेसाजवळ कितीही गेले तरी हाती धुकेच लागत होते. म्हणजे देखणेपणाचे वावडे नको, पण वस्तूची ओळख पुसणारे तंत्र या विषयात चालणार नाही, अशा निष्कर्षाला मी आलो. एनडी फिल्टर सध्या भाच्याकडे आहे. तो लग्नाच्या आधीच्या फोटोशूटमध्ये धबधब्यांवर वापरतो आणि तिथे तो शोभतो.

त्याच्या जागी आता पोलरायझर, म्हणजे परावर्तित चकाकी गाळणारा फिल्टर, आहे. ठरलेली चौकट फिल्टरविना घेऊन झाली की मी पायरीवर बसून दुसरी घेतो. नजर पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करते तिथे परावर्तित प्रकाश सर्वाधिक ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, झालेला असतो. फिल्टरचे कडे हळूहळू फिरवले की आकाशाचे प्रतिबिंब विझत जाते आणि पाण्याखालची पायरी वर येते. दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो, तेवढे सोसावे. जानेवारीत पाणी निवळलेले असताना कडे फिरवता फिरवता पाण्याखालच्या दुसऱ्या पायरीवर एक साडीचा काठ, तीन द्रोण आणि देवाच्या तसबिरीची काच नसलेली चौकट एकेक करून उमटले. प्रतिबिंब असलेले आणि नसलेले, अशी दोन्ही छायाचित्रे मी शेजारी ठेवतो, कारण घाटावर उभ्या माणसाला पहिलेच दिसते.

मांडणीचा मोह मात्र अजून सुटलेला नाही. वेफरचे पाकीट दोन वीत डावीकडे असते तर चौकट किती नेटकी झाली असती, असे दर आठवड्याला वाटते. अमेरिकन छायाचित्रकार क्रिस जॉर्डन यांनी प्रशांत महासागरातील मिडवे बेटांवर अल्बट्रॉस पक्ष्यांच्या मेलेल्या पिलांची, पोटात प्लास्टिकची झाकणे आणि लायटर असलेली, छायाचित्रे २००९ पासून टिपली, तेव्हा त्यांनी प्लास्टिकचा एकही तुकडा जागचा हलवला नव्हता. मीही तोच नियम पाळतो: चौकट घेऊन होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. झाल्यावर हाताला येईल ते उचलतो, पण त्याचे छायाचित्र काढत नाही.

या नियमाला एकदाच वाट सापडली, आणि वर्षभरातले माझे सर्वांत आवडते छायाचित्र त्यातूनच आले. घाटावर दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी मुले आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांतला एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा फेब्रुवारीत माझ्या पायरीवर येऊन बसला. त्याचा चुंबक जुन्या स्पीकरमधला, बांगडीएवढा. दहा-बारा फेकी झाल्यावर त्याने वर आलेला माल दगडावर ओतला आणि दोन रांगा लावल्या, एक ठेवायची आणि एक भंगारवाल्याची. पाच रुपयांचे नाणे एकही नव्हते, म्हणून मी विचारले, तर म्हणाला, “काका, पिवळं चिकटत नाही. एकाचं आणि दोनाचं येतं.” बरोबरच होते; एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला ओढ देणाऱ्या पोलादाची आहेत आणि पाचाचे निकेल-पितळेचे.

त्याच्या दुसऱ्या रांगेत सात-आठ खिळे, तसबिरी टांगायच्या दोन कड्या, एक नेलकटर, बिस्किटाच्या डब्याचे झाकण, बोटभर उंचीचा त्रिशूळ आणि आपसांत गुंतलेल्या सेफ्टी पिनांचा गोळा होता. मांडणी त्याची होती. मी फक्त वरून कॅमेरा धरला. चेहरा घ्यायचा नाही, हे त्याला आधीच सांगितले होते, त्यामुळे चौकटीत ओल्या दगडावरच्या दोन रांगा, त्याची बोटे आणि दोरीचे टोक एवढेच आहे. प्रिंट पाहणारी माणसे या छायाचित्रापुढे सर्वांत जास्त वेळ थांबतात असे आढळले. प्रथम वस्तू मोजतात, मग तसबिरीच्या कड्यांवर बोट ठेवून तसबीर कुठे गेली असे विचारतात, आणि त्या प्रश्नाचे उत्तर चौकटीबाहेर, तळाशी आहे. चुंबकाला न चिकटणारे सगळे खालीच राहिलेले आहे.

बाजाराच्या चौकटींविषयी थोडे. फ्लॉवरचा पाला, मेथीच्या काड्या, मक्याची टरफले यांचा ढीग प्रथम नजरेत भरतो, पण तो आठ वाजेपर्यंत गायींनी बराचसा संपवलेला असतो. मागे उरतात त्या पातळ पिशव्या. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना देशभर ३१ डिसेंबर २०२२ पासून मनाई आहे आणि राज्याची बंदी तर २०१८ ची. जाडी छायाचित्रात कशी दाखवायची, हा खरा प्रश्न होता. सकाळचा सूर्य पिशवीच्या मागून आला की पातळ पिशवी उजळते आणि तिच्या आरपार दगडाचा सांधा वाचता येतो. समोरून प्रकाश पडला तर तीच पिशवी नुसता पांढरा ठिपका होते. त्यामुळे हे काम पूर्वेकडे तोंड करूनच करावे लागते.

पिशव्या देणाऱ्या भाजीवाल्यांचे चेहरे टिपण्याचा विचार मी आरंभीच सोडला. रिकाम्या हाताने बाजारात जाणारा मीही आहे, आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी पिशवी मागताना मला कधी कोणी टिपलेले नाही. तेव्हा एप्रिलमध्ये चार गुरुवार मी घाटावरून घरी येऊन, घंटागाडी यायच्या आत, आमच्या घरचा आठवड्याचा सुका कचरा गच्चीवर ओतला आणि घोड्यावर (शिडीवर) चढून तीच लेन्स खाली धरली. चार चौकटींत सर्वाधिक जागा व्यापली होती ती खोक्यांनी, आणि त्यांतली सर्वांत मोठी खोकी माझीच होती: ७७ मिलिमीटरचा पोलरायझर हवेच्या फुग्यांनी भरलेल्या, चपलांचा जोड मावेल अशा खोक्यातून आला होता. सौभाग्यवतींनी घोडा धरून ठेवला होता आणि वरून त्यांनी जे भाष्य केले ते इथे लिहीत नाही. या चार चौकटी मी घाटाच्या चौकटींच्या शेजारी त्याच आकारात लावणार आहे.

जिल्ह्याकडे वळण्याचा प्रयत्न अर्धवट राहिला. निफाडच्या बाजूला द्राक्षबागांवरची प्लास्टिकची आच्छादने आणि शेततळ्यांची काळी अस्तरे टिपायला दोनदा गेलो, पण रस्त्यावरून ती परकी आणि दुरून पाहिलेली वाटतात. ओळखीच्या बागेत हंगामभर जाता आले तरच तो विषय हाती घ्यावा. टोमॅटोच्या वाफ्यांवर पसरतात त्या काळ्या-चंदेरी फिल्मला आपल्याकडे ‘मल्चिंग पेपर’ म्हणतात, हे मात्र वहीत टिपून ठेवले. नाव कागदाचे आणि वस्तू प्लास्टिकची.

पुराचे राहिले. गेल्या पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, पाणी मारुतीच्या कमरेवर चढले आणि माझी पायरी दिसेनाशी झाली. नाशिकमध्ये पुराचे माप मारुतीवरूनच सांगतात, त्यामुळे तेवढे दिवस मोबाइलवर सर्वांचीच छायाचित्रे एकसारखी होती. मला हवे होते ते पाणी ओसरल्यावर मिळाले. खालच्या बाजूला काठावरच्या बाभळींना एका ठरावीक उंचीपर्यंत चिंध्या, पिशव्या आणि निर्माल्याचे दोरे अडकले होते आणि त्या उंचीच्या वर फांद्या स्वच्छ हिरव्या होत्या. पाणी कुठवर आले होते याची रेघ झाडांवर ओढलेली होती. पूर्ण उघडलेला माझा ट्रायपॉड १६० सेंटिमीटरचा, आणि ती रेघ त्याच्याही वर होती. चिंध्या वाऱ्याने सतत हलत असल्याने ८५ मिलिमीटरची लेन्स लावून १/५०० सेकंद वापरले. पहिल्या दिवशी १/६० ठेवल्याने सगळ्या फाइली वाया गेल्या होत्या. यंदाही तिथे जायचे आहे, त्याच तीन झाडांसमोर.

प्रिंट १२ बाय १८ इंची, मॅट कागदावर, बिनचौकटीच्या काढायच्या असे ठरते आहे. घाटावर २०२७ च्या सिंहस्थासाठी कामे चालू आहेत, त्यात माझी पायरी राहील की नाही सांगता येत नाही. म्हणून गेल्या गुरुवारी मारुतीच्या बाजूच्या एका ठळक दगडी कोपऱ्यापासून कडीपर्यंतचे अंतर टेपने दोनदा मोजले, कडीची दिशा होकायंत्रावर पाहिली, आणि दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवले.