गोल्डन फेझंट : आषाढातली पीसगळती आणि सावलीचा हिशेब

मंडळी, आपला नर रंगात यायला लागलाय! पहिल्या वर्षी हा पक्षी मादीसारखाच मातकट, पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. खरा पिसारा दुसऱ्या वर्षीच्या पीसगळतीनंतर येतो. तुऱ्यात रेशमी सोनेरी पिसं उतरलीत, छातीवर लाल ठिगळं उमटलीत. मानेवरची केशरी झालर अजून अर्धवट आहे, पण आलेल्या प्रत्येक पिसाला गडद कड आहे. झालर मिटली की आडव्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात. डोळाही पालटला : बुबुळ फिकट पिवळं, मधे टाचणीच्या टोकाएवढी बाहुली. मादीचा तपकिरीच आहे.

आता मुद्द्याचं. हे रंग उन्हात विटतात. मध्य चीनच्या डोंगरातल्या दाट, अंधाऱ्या जंगलात राहणारा हा पक्षी. दिवसभर जमिनीवर दाणे, पाला, किडे टिपतो, धोका दिसला की उडण्याआधी पळतो आणि रात्री झाडावर चढून बसतो. एवढा भडक असूनही रानात तो सहसा नजरेस पडत नाही. राधानगरीला कारवीत शिरणारा रानकोंबडा पाहिलाय ना? त्याच कुळातला. (रानकोंबडा मात्र रानातच बघायचा, तो पाळणं कायद्यानं गुन्हा आहे.)

म्हणून पिंजऱ्यावर दुहेरी शेडनेट टाकलंय, कोपऱ्यात आडोशाला कर्दळ लावलीय. रात्रीची काठी उंचावर आणि भिंतीपासून लांब घेतली. मीटरभर लांबीच्या नरात दोन तृतीयांश शेपूटच असते, ती जाळीला घासली की झिजते.

कोल्हापूरच्या पावसात खरी भीती ओलीची. पश्चिमेकडून झड आत येते, जमीन सुकत नाही आणि रक्ती हगवण लागते. त्या बाजूला पत्रा ठोकला, खाली जाड वाळू पसरली, पाण्याचं भांडं विटेवर ठेवलं. ओला मका लगेच बुरसतो, तो रोज काढून टाकतो.

मादीनं उन्हाळ्यात अंडी घातली होती, पण नर कोवळा, एकही फळलं नाही. पुढच्या चैत्रात तो झालर पसरून तिच्याभोवती फेर धरेल, तेव्हा आशा आहे. झालर तिच्या बाजूला पंख्यासारखी उघडते, चोच झाकली जाते आणि वरून फक्त तो पिवळा डोळा दिसतो. अंडी उबायला बावीस-तेवीस दिवस लागतात. त्यासाठी शांत स्वभावाची देशी खुडूक कोंबडी आत्तापासूनच हेरून ठेवतोय. कुणाकडे असेल तर सांगा.