तुम्ही विचारलंत म्हणून: घरी रेकॉर्डिंगसाठी इंटरफेस कोणता घ्यायचा?

"भाऊ, घरी भजन रेकॉर्ड करायचं हाय, कोन्ता इंटरफेस घेऊ?" मंडळातली पोरं भेटली की हेच. इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा. मी उलटं विचारतो, एका टायमाले माइक किती लावसान?

आमच्या तिवसा-मोझरीकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं खंजेरी भजन. गाणारा आणि खंजेरी सोबतच पाहिजे, खंजेरी मागून वेगळी वाजवून जोडली तर रंगच चढत नाही. म्हणजे माइकचे इनपुट दोन. आणि इथंच लोक फसतात, कारण फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोला इनपुट दोन असतात पण माइकचा एकच, दुसरा गिटार नाहीतर कीबोर्डचा. त्याच कंपनीच्या स्कार्लेट टूआयटूला दोन्हीत माइक लागतात. बेहरिंगरच्या यूएमसी २०२ एचडीलाही लागतात, मी तोच सांगतो.

मग कोणी म्हणते चार इनपुटवालाच घेऊ, पेटी-टाळ पण होतीन. घ्या बापा, पण बेहरिंगरच्याच चार इनपुटच्या ४०४ एचडीला अडॅप्टर वेगळा लागतो. २०२ लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो, लाईट गेली तरी बॅटरी आहे तोवर काम चालू. खरं तर लाईट गेल्यावरच आमच्याकडे रेकॉर्डिंग चांगलं होते, कूलर बंद, पंखा बंद, बाजूची चक्की बंद, आणि ज्या घरात अर्थिंगचा पत्ता नसतो तिथली ती घूंऽऽ पण बहुतेक वेळा जाते कारण लॅपटॉप चार्जरवरून सुटलेला असतो. मे महिन्यात घामानं आंघोळ होते ते वेगळं.

इंटरफेसमधून माइकला वीज पुरवणारं ४८ व्होल्टचं फँटम पॉवर आहे म्हणून त्यावर चालणारा नाजूक कंडेन्सर माइकच घ्यावा असं काही नाही. टिनाच्या खोलीत तो बकरीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं ऐकते. शुअर एसएम ५८ सारखा डायनॅमिक माइक तोंडाजवळ ठेवा, त्याला फँटम लागतच नाही. फक्त केबल दोन्ही टोकांना एक्सएलआर (तीन पिनांचा गोल कनेक्टर) असलेली घ्या, मंडळाच्या अँप्लिफायरची जाड पिनवाली केबल इंटरफेसमध्ये घुसते खरी, पण ती पिन माइकच्या प्रीअँपला (माइकचा कमजोर आवाज वाढवणाऱ्या भागाला) जात नाही, आवाज मरतुकडा येतो आणि मग शिव्या इंटरफेसला!

गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) लावताना खंजेरीवाल्याले सगळ्यात जोरात थाप मारायले लावा आणि मीटर उणे १२ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. रेकॉर्डिंग २४ बिटचं असते, कमी आवाज मागून वाढवता येतो, फाटलेला काही दुरुस्त होत नाही. हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरानं येत असेल तर डायरेक्ट मॉनिटर (आवाज लॅपटॉपमधून न जाता थेट हेडफोनमध्ये) चालू करा, सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद, आणि विंडोज असेल तर कंपनीचा असिओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाका. १९२ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) नादी लागू नका, ४८ बस झालं.

पैसे उरले तर स्टँड घ्या दोन. एका हातात माइक धरून खंजेरी वाजत नाही.