विहिरीच्या पाण्याची एक बाटली आणि तीन हेलपाटे

बाटली भरायला पाच मिनिटं लागली. ती तपासून घ्यायला अकरा दिवस.

आमची विहीर मिरज तालुक्यात, उसाच्या मधोमध. नातू चार महिन्यांचा, वरचं दूध याच पाण्यात कालवायचं. आशाताई म्हणाल्या, "काका, एकदा नायट्रेट बघून घ्या. तान्ह्या बाळाचं रक्त बिघडतं त्यानं, अंग निळं पडतं."

माती तपासतात तिथं गेलो. "पाणी शेतीला का प्यायला?" म्हटलं, दोन्हीला. अर्जावर चौकोन दोन, खूण एकावरच चालते. शेतीचं म्हटलं तर सामू (पीएच), क्षार, क्लोराईड बघणार. नायट्रेट त्यांच्या यादीतच नाही. अहो, नायट्रेट येतं युरियातून, आणि युरिया टाकतो कोण, शेतकरीच ना?

पिण्याच्या पाण्याची प्रयोगशाळा वेगळी. तिथं म्हणे, खासगी विहीर आहे, ग्रामपंचायतीचं पत्र आणा. ग्रामसेवक भेटून शिक्का बसेपर्यंत पाणी चार दिवसांचं झालं. "शिळं चालत नाही, जंतूंमुळं आकडा बदलतो." बरोबर आहे हो, पण पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? तिसऱ्या खेपेला मोटर दहा मिनिटं चालवून, त्याच पाण्यानं बाटली विसळून भरली आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवून नेली. औषधाची रिकामी बाटली चुकूनही वापरू नका.

अहवाल आला: नायट्रेट लिटरला 14.2 मिलिग्रॅम. मर्यादा 45. घरात सगळे खूश. रात्री चष्मा लावून बघितलं तर आकड्यापुढं बारीक अक्षरात 'एन'. म्हणजे तो आकडा नुसत्या नायट्रोजनचा. नायट्रेट काढायला 4.43 नं गुणायचं. झाले 63! फोन केला तर थंडपणे, "हो, आम्ही तसंच देतो." मग मर्यादा 45 कशाला छापता? त्या हिशेबानं तिथं 10 पाहिजे. तुमच्या अहवालावर आधी ते 'एन' शोधा.

पाणी उकळून उपयोग नाही, उलट आटल्यावर प्रमाण वाढतं. आम्ही पिण्यापुरतं आरओचं आणतो.

खापर विहिरीवर कशाला फोडू? आडसाली उसाला शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची (नायट्रोजनची), म्हणजे एकरी 160. नुसत्या युरियातून दिलं तरी 45 किलोची आठ पोती खूप झाली. मी अकरा टाकायचो, वर मिश्र खत वेगळंच, आणि लगेच पाट सोडून सऱ्या तुडुंब. नायट्रेटला माती धरून ठेवत नाही, ते पाण्याबरोबर खाली उतरतं. माझंच खत माझ्याच मोटरीनं वर आलं.

औंदा ठिबकातून थोडा थोडा युरिया सोडतोय. शेजारचे भाऊ हसतात, ऊस पिवळा पडेल म्हणतात. अजून तरी हिरवागार आहे.

पुढची बाटली दिवाळीनंतर. ग्रामपंचायतीच्या पत्राच्या पाच प्रती आत्ताच शिक्का मारून घेतल्यात, तारीख कोरी ठेवून.