पेटी कोणाच्या डोक्यातली, कोणाच्या हातची

जादूगारांची साधनं बनवणाऱ्याकडे हल्ली मागणी येते ती व्हिडिओतून. व्हॉट्सअ‍ॅपवर मिनिटभराची क्लिप आणि खाली एक ओळ: "काका, सेम टू सेम पाहिजे. किती होतील?" क्लिप लास वेगासची असते किंवा कोरियाची. पाठवणारा चिंचवडचा, साताऱ्याचा, कधी लातूरचा.

मी भोसरीत टूलरूममध्ये नोकरी केली. आता धायरीच्या शेडमध्ये एक जुनं लेथ, ड्रिल, वाइस आणि सुताराचं बाकडं आहे, त्यावर ही कामं करतो. पुण्याला जादूचे प्रयोग नवे नाहीत. जादूगार रघुवीरांच्या घराण्यात तीन पिढ्या जादू चालत आली आहे आणि नाट्यगृहात सहकुटुंब जाऊन जादू बघणारा प्रेक्षक या शहरात आजही आहे. त्यामुळे काम मिळतं. पण 'सेम टू सेम' म्हटलं की मी आधी थांबतो आणि विचारतो, "सेम काय पाहिजे? लोकांना जे दिसतं ते, की आत जे घडतं ते?"

माझ्या लेखी हे दोन वेगळे हक्क आहेत. बाई मधोमध कापली जाते आणि पुन्हा सलग होते, ही कल्पना कोणा एकाच्या मालकीची राहू शकत नाही. पण ती घडवून आणण्यासाठी कोणी वर्षभर डोकं खाजवून एक बिजागरी, एक उतार, एक फसवी जाडी शोधून काढली असेल, तर ती त्याची मेहनत आहे. ती एक तर विचारून, पैसे देऊन घ्यावी, नाहीतर स्वतः डोकं चालवून दुसरी वाट काढावी.

हा वाद कापाकापीच्या खेळाइतकाच जुना आहे. पी. टी. सेल्बिटने जानेवारी 1921मध्ये लंडनच्या रंगमंचावर पेटीत बाई घालून ती करवतीने कापली. त्याच वर्षी अमेरिकेत होरेस गोल्डिनने आपली पेटी आणली. तिच्यात डोकं आणि पाय बाहेर दिसत राहायचे. मूळ कल्पना कोणाची यावरून दोघांचं जोरदार भांडण झालं. माझ्यासारख्या कारागिराला मात्र त्यात दोन निरनिराळी उत्तरं दिसतात. प्रश्न एकच, पण पेट्यांची रचना वेगळी. पुढे गोल्डिनने पेटीच काढून टाकली आणि उघड्यावर गोल फिरणारी करवत आणली. तसाच करवतीचा प्रयोग आपल्या पी. सी. सरकारांनी 9 एप्रिल 1956 रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा'मध्ये केला. कापलेली मुलगी जागी व्हायच्या आत कार्यक्रमाची वेळ संपली, आणि ती मेली असं समजून लोकांनी बीबीसीचे फोन अडवून धरले. तिथे यंत्राइतकंच काम सरकारांच्या सादरीकरणाने केलं होतं.

कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. गोल्डिनने 1923मध्ये पेटंट घेतलं. पेटंट म्हणजे आतली रचना चित्रासह जगजाहीर करणं. दहा वर्षांनी एका सिगारेट कंपनीने आपल्या जाहिरातीत ती युक्ती फोडली, गोल्डिन कोर्टात गेला आणि 1938मध्ये हरला. आपल्याकडेही पेटंट अर्जापासून वीस वर्षं टिकतं, पुढे ते सगळ्यांचं. उलट बाजूचं उदाहरण टेलर या अमेरिकी जादूगाराचं. गुलाबाच्या सावलीवर तो सुरी चालवतो आणि खऱ्या फुलाच्या पाकळ्या गळतात. त्याने तो प्रयोग 1983मध्ये मूकनाट्य म्हणून नोंदवून ठेवला होता. युरोपातल्या एका जादूगाराने नक्कल विकायला काढली, तेव्हा 2014मध्ये अमेरिकी कोर्टाने टेलरच्या बाजूने निकाल दिला. संरक्षण मिळालं ते त्या नाट्याला. आतली युक्ती तशीच उघड्यावर राहिली. म्हणून कोर्ट काय म्हणेल यावर मी माझं काम ठरवत नाही.

सगळ्यात जास्त मागणी येते ती झिगझॅगची. उभं अरुंद कपाट, आत मुलगी, दोन रुंद पाती आडवी सरकवायची आणि मधला भाग बाजूला ओढायचा. रॉबर्ट हार्बिन या ब्रिटिश जादूगाराने 1965मध्ये हे आणलं. हा माणूस ओरिगामीतही मोठा होता, आणि ते त्या कपाटात जाणवतं. कागदाची घडी कुठे घातली की किती जागा उरते, हे ज्याच्या बोटांना कळतं त्यालाच असली रचना सुचेल. जगभर त्याची इतकी चोरी झाली की शेवटी 1970मध्ये त्याने स्वतःच्या साधनांचं पुस्तक काढलं, फक्त 500 प्रती. ज्याच्याकडे पुस्तक, त्याला ते कपाट बांधायची मुभा. बाकी जगात फिरणारी बहुतेक कपाटं कोणालाही न विचारता बनलेली आहेत.

चिंचवडच्या एका हौशी जादूगार मुलाकडेही असंच एक होतं, दुसऱ्या कोणाकडून घेतलेलं. ते शेडमध्ये आणलं तेव्हा बरोबर त्याची धाकटी बहीण होती. प्रयोगात आत तीच उभी राहते. तो पात्यांच्या चमकेबद्दल बोलत होता, रंग कोणता द्यायचा ते विचारत होता. मी तिला विचारलं, "तुला कुठे लागतं?" ती लगेच म्हणाली, "उजव्या खांद्याला, काका. दर वेळी खरचटतं. आणि पावसाळ्यात दार फुगतं, मग दादाला बाहेरून लाथ मारावी लागते."

आतून बघितलं. पत्रा कापला तसाच लावलेला, कडेवरून कानस फिरवलेली नाही. एमडीएफने पाणी पिऊन कडा फुगवलेल्या. खिट्टी फक्त बाहेरून. मापं कुठल्यातरी उंच, सडपातळ परदेशी मुलीची, व्हिडिओवरून अंदाजाने काढलेली. ही मुलगी तिच्यापेक्षा चांगली वीतभर बुटकी, त्यामुळे जिथे तिला वळायला जागा हवी तिथे आडवी फळी आली होती. आतलं अधिक काही लिहिणार नाही. मूळ रचनाकाराने प्रत्येक इंच कशासाठी राखला होता हे नक्कल करणाऱ्याला ठाऊकच नव्हतं, एवढं पुरे. त्याने पेटी बघितली होती, तिच्यातला विचार नाही. आणि त्या अज्ञानाची किंमत मोजत होती ही मुलगी.

म्हणून माझ्याकडे मापं जादूगाराची घेतली जात नाहीत. आत जाणाऱ्या माणसाची घेतली जातात: बसून, उभं राहून, मान वळवून, दीर्घ श्वास घेतल्यावर छातीची. प्रत्येक दार आतून, अंधारात, एका हाताने उघडलं पाहिजे. हे नको असेल तर मी काम घेत नाही.

यांत्रिक साधन जुनं होतं तसं धोकादायक होतं, हे चुंग लिंग सूच्या बाबतीत घडलं. विल्यम रॉबिन्सन हा अमेरिकी माणूस चिनी बनून जादू करायचा. मार्च 1918मध्ये लंडनला बंदुकीची गोळी झेलण्याचा प्रयोग करताना त्याला खरी गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. चौकशीत बंदूक उघडली तेव्हा कारण सापडलं ते आट्यांत. वर्षानुवर्षं उघडझाप करून स्क्रूचे आटे झिजले होते, त्या फटीतून दारू झिरपत गेली आणि बंदुकीच्या दोन नळ्यांपैकी जी उडायला नको तीच उडाली. टूलरूममध्ये ज्याने उभी हयात घालवली त्याला हे वाचताना पोटात गोळा येतो. आटे झिजतात, हे आम्ही गेजने रोज तपासायचो. तेव्हापासून प्रत्येक साधनाबरोबर मी एक वही देतो: कुठला बुश कधी बदलायचा, कुठली स्प्रिंग किती प्रयोगांनंतर टाकून द्यायची. नाना पेठेत मिळणारी स्पेअरची स्प्रिंग दिसायला तशीच असते, पण तिचा ताण वेगळा असतो, हेही त्यात लिहिलेलं असतं.

त्या भावाबहिणीला मी झिगझॅग करून दिलं नाही. आम्ही तिघं बसलो आणि त्यातून उतरंड निघाली. एकावर एक रचलेली मोठाली मडकी, वर तिचा चेहरा, खालच्या मडक्यातून पाय, आणि मधलं मडकं उचलून बाजूला नेलं जातं. मडकी फायबरची. गणपतीची सजावट करणाऱ्या एका कारागिराने साचे काढून दिले आणि बाहेरून भाजलेल्या मातीचा पोत इतका छान आणला की हात लावल्याशिवाय कळत नाही. आतली रचना आमची स्वतःची, गोल भांड्याचा फुगीरपणा धरून केलेली. चौकोनी कपाटाची युक्ती तिथे चालणारच नव्हती, आणि तेच हवं होतं. तरी माणसाचा मधला भाग बाजूला नेण्याची कल्पना हार्बिनची, म्हणून प्रयोगाआधी त्याचं नाव घ्यायचं असं ठरलं. मुलगा आधी कां-कूं करत होता. बहिणीने परस्पर निवेदनात ओळ घालून टाकली.

दुसरा प्रसंग वेगळ्या जातीचा आहे. एक गृहस्थ तांबट आळीतून घेतलेला सुंदर लोटा घेऊन आले. मठारकाम इतकं एकसारखं की दिव्याखाली धरला की ठोक्यान् ठोका चमकत होता. त्यांना हवा होता रिकामा केला तरी पुन्हा भरणारा लोटा. खेळ आपल्याच देशातला, फार जुना. कोणी शोधला ते नाव उरलेलं नाही, त्यामुळे परवानगी विचारायची तर कोणाला? बनवायला माझी हरकत नव्हती. बोलता बोलता कळलं की लोटा रंगमंचावर जाणार नाही. एका महाराजांच्या दरबारात जाणार आहे, तीर्थ म्हणून.

मी लोटा परत दिला. का, ते रॉबर्ट-हूदँच्या गोष्टीवरून कळेल. हा फ्रेंच जादूगार मुळात घड्याळजी, यांत्रिक जादूचा बापमाणूस. 1845मध्ये पॅरिसला त्याने स्वतःचं थिएटर उघडलं. माझ्या शेडमध्ये त्याचं चित्र आहे. त्याची एक पेटी होती, विद्युतचुंबकामुळे हलकी-जड होणारी. 1856मध्ये फ्रेंच सरकारने त्याला अल्जीरियात पाठवलं, तिथल्या लोकांवर फ्रेंच सत्तेचा धाक बसावा म्हणून. एका धट्ट्याकट्ट्या अरबाला ती पेटी उचलेना, वर विजेचा झटका दिला, तो घाबरून पळाला. पॅरिसमध्ये तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला आपण खेळ बघतोय हे ठाऊक होतं. अल्जीरियातल्या माणसाला ते सांगितलं गेलं नव्हतं. पेटी तीच, तारा त्याच, आणि काम मात्र गुलामी पक्की करण्याचं. एवढा मोठा कारागीर, आणि हे त्याने आठवणींत अभिमानाने लिहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुण्यात राहून हा फरक विसरता येत नाही. 20 ऑगस्ट 2013ला ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराच्या नावाने कोणाला लुबाडायला लागणारं यंत्र मी बनवणार नाही. उलट शाळेत मुलांसमोर लोटा उघडून आतली रचना दाखवायची असेल, तर बनवून देतो आणि पैसे फक्त तांबटाचे घेतो. काही जादूगार मित्रांना हे पटत नाही. ते म्हणतात, गुपित फोडणं हा धंद्याशी द्रोह. जिवंत माणसाच्या मेहनतीचं गुपित असेल तर मीही तेच म्हणतो. पण शतकांपूर्वीचा लोटा कोणाची तरी जमीन गिळायला वापरला जात असेल, तर त्याचं गुपित राखण्यात मला धर्म दिसत नाही.

एक विनंती आहे. पेठांतले वाडे पाडले जाताहेत, माळे रिकामे होताहेत. कुठे जुन्या जादूगाराची पेटी, पिंजरा, दुहेरी तळाचं टेबल, पितळी नळ्या सापडल्या तर मोडीत घालण्याआधी मला दाखवा. मला विकत नको. मापं घेईन, झिजलेले आटे नवे करून देईन, कुठला स्क्रू माझा आणि कुठला मूळचा ते आतल्या बाजूला लिहून ठेवीन, आणि पेटी तुमची तुम्हाला परत. बनवणाऱ्याचं नाव घरात कोणाला आठवत असेल तर तेही सांगा. बहुतेक पेट्यांवर ते कुठेच कोरलेलं नसतं.