कॅप बसवायला गेले आणि म्हणाले आधी ब्रश करायला शिका

ज्यांना डेंटल कॉलेजमधून काम करून घ्यायचंय त्यांच्यासाठी लिहितेय, आणि खरं सांगायचं तर डोक्यातला राग काढायला पण. खालच्या दाढेचं रूट कॅनल झालेलं होतं, वर फक्त कॅप बसवायची राहिली होती. बाहेरच्या क्लिनिकमधला कॅपचा आकडा ऐकून नवरा म्हणाला कॉलेजला जा, स्वस्तात होतं आणि वरून सर लोकांची नजर असते. ते खरंच आहे. केस पेपर, तपासणी, अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, सगळं एका सकाळीत उरकलं. खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभं राहा, बाकी काही नाही.

कॅप-कवळीचा विभाग म्हणजे प्रोस्थो. तिथल्या मुलाने दाढेच्या कडेने ती बारीक काडी फिरवली, काडीच्या टोकाला रक्त आलं, आणि त्याने लगेच केस पेपरवर खरडलं. "काकू, आधी पेरिओचा क्लिअरन्स आणा, मग माप घेऊ." पेरिओ म्हणजे हिरड्यांचा विभाग, वरच्या मजल्यावर. का म्हणून विचारलं तर त्याने नीट सांगितलं, हिरडी सुजलेली असताना माप घेतलं तर मध्ये रक्त येतं आणि माप बिघडतं, शिवाय नंतर सूज उतरली की हिरडी खाली बसते आणि कॅपची कड उघडी पडते. पटलं. त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही.

वर स्केलिंग झालं, म्हणजे मशीनने दातांवरचं कीटण काढणं, तेही ठीक. सासूबाईंनी जाताना बजावलं होतं की मशीन लावलं की दात हलायला लागतात, आणि झाल्यावर जिभेला फटी लागल्या तेव्हा मलाही क्षणभर वाटलं की गेलं आता सगळं. पण त्या फटी तिथे आधीपासूनच असतात, दगडासारख्या कीटणाने बुजलेल्या. कीटण निघालं की मोकळ्या होतात. चार-पाच दिवस थंड पाणी झिणझिणतं, मग थांबतं.

आता मुख्य गोष्ट. क्लिअरन्स म्हणजे मॅडमची एक सही, आणि त्या सहीच्या आधी एक आकडा. दातांना गुलाबी रंग लावतात, चूळ भरायला सांगतात, मग जिथे जिथे चिकट थर राहिलाय तिथे रंग धरून राहतो. प्रत्येक दाताच्या चार बाजू धरतात, पुढची, मागची आणि दोन शेजारच्या. म्हणजे २८ दात असतील तर ११२ बाजू. त्यातल्या रंगलेल्या किती ते मोजून टक्के काढतात. आमच्या इथे २० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय सही नाही. माझा पहिला आकडा साठाच्या वर. स्केलिंग होऊन जेमतेम आठवडा झालेला आणि मी रोज दोन वेळा ब्रश करणारी बाई.

इंटर्न मुलीने खणातून तो भला मोठा प्लास्टिकचा जबडा काढला, त्यावर ब्रश फिरवून दाखवला, गोल गोल करा म्हणाली, समजलं का, मी म्हटलं समजलं, पुढच्या मंगळवारी या. पुढच्या मंगळवारी दुसराच मुलगा, कारण या मुलांच्या पोस्टिंग बदलतात. त्याने परत रंग लावला, आकडा पन्नासच्या आसपास. तो म्हणे गोल नाही काकू, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडायचं. मी म्हटलं मागच्या वेळी तर गोल सांगितलं. तो हसला आणि म्हणाला दोन्ही चालतं. आणि त्याच्या डोक्यामागे भिंतीवर पोस्टर, त्यात एक गोरं बाळ आडवा ब्रश धरून हसतंय. आता बोला.

मग पुढचा मंगळवार, मग मॅडम कॉन्फरन्सला, मग सुट्टी, मग परत रंग. दर वेळी तोच प्लास्टिकचा जबडा, तेच समजलं का, तेच हो. आकडा चाळीसच्या घरात येऊन बसला तो हलेना. मी घरी पाच-पाच मिनिटं घासत होते, हात दुखायचा, हिरडी हुळहुळायला लागली. आणि तो रंग! ओठांना लागला की दिवसभर जात नाही, मी त्या गुलाबी तोंडाने बसने घरी आलेली आहे, कंडक्टर दोनदा बघत होता. (रंग लावायच्या आधी ओठांना व्हॅसलीन लावून मागा. त्यांच्याकडे असतं, पण विचारल्याशिवाय लावत नाहीत. आणि चांगले कपडे घालून जाऊ नका.)

मला राग याचा आला की एवढ्या वेळा तोंड उघडून बसले, पण एकानेही म्हटलं नाही की काकू तुम्ही ब्रश करून दाखवा. सगळे आपले जबड्यावर दाखवणार. आणि तो कागद, ज्यावर चौकोन काढून कुठे रंग राहिला ते भरतात, तो थेट फाईलला जातो. पेशंटला फक्त आकडा. परीक्षेत नापास केलं पण पेपर दाखवायचा नाही, तसं. मी एकदा त्या कागदाचा फोटो काढू का विचारलं तर म्हणे फाईल बाहेर देता येत नाही. बाहेर कोण मागतंय, फोटो मागतेय. शेवटी तर मी काउंटरवर जरा आवाज चढवूनच बोलले की सही द्यायची नसेल तर तसं लिहून द्या, मी जाते बाहेर.

आवाजाने आतून एक पीजी करणारी मुलगी आली, बारीकशी, डोळ्यांवर मोठा चष्मा. तिने काही समजूत वगैरे घातली नाही. तिने हातात आरसा दिला, बेसिनपाशी उभं केलं आणि विचारलं, "ब्रश आणलाय?" नशिबाने पर्समध्ये होता. (हे पहिल्या ओळीत लिहायला पाहिजे होतं, स्वतःचा ब्रश घेऊन जा, रोजचा वापरलेला, नवा नाही.) तिने आधी ब्रशच बघितला. केस बाहेर फाकलेले. किती दिवस झाले विचारलं, महिनाच झाला होता. ती म्हणाली तीन महिन्यांच्या आत ब्रश फाकला म्हणजे हात जड आहे. मग म्हणाली आता करा, आणि गप्प बघत राहिली.

रंग लावलेलाच होता त्यामुळे आरशात सगळं दिसत होतं. मी जिथे जोर लावत होते ते पुढचे दात चकचकीत पांढरे. गुलाबी राहिलं होतं ते हिरडीला लागून, एक बारीक रेघ, अख्ख्या जबड्याला किनार असल्यासारखी. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला पण, आणि वरच्या शेवटच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, जिथे ब्रश पोचतच नव्हता. तिने माझं मनगट धरून ब्रश तिरका केला, साधारण ४५ अंशात, अर्धे केस हिरडीवर आणि अर्धे दातावर. मग म्हणाली दाबू नका, जागच्या जागी थरथरवा, घासायचं नाही. दहा-पंधरा वेळा हललं की टोकाकडे झाडा, मग पुढचे दोन-तीन दात. म्हणजे आधीचा मुलगा जे झाडायला सांगत होता तो याच पद्धतीचा शेवटचा अर्धा भाग होता, पहिला अर्धा त्याने सांगितलाच नाही! आणि गोल गोल ही लहान मुलांची पद्धत, शाळेत शिकवायला सोपी. हिरड्यांच्या पेशंटला ही तिरकी पद्धत देतात, बास पद्धत म्हणतात, चार्ल्स बास नावाच्या अमेरिकन डॉक्टरची. त्यांनी १९४८ मध्येच लिहून ठेवलंय की ब्रश मऊ हवा आणि केसांची टोकं गोल केलेली हवीत. आपल्याकडे अजून दुकानदार मिडीयमच हातात देतो. झाडायची भर नंतरची, म्हणून सुधारित बास.

दाढेसाठीची युक्ती तर मला कुणीच सांगितली नव्हती. आपण आ वासतो तेव्हा गाल ताणला जातो आणि ब्रशला जागाच राहत नाही. तोंड अर्धं मिटायचं, गाल सैल होतो, मग ब्रश मागपर्यंत जातो. पुढच्या दातांच्या आतून ब्रश उभा धरायचा आणि टोकाचे केस वापरायचे. ब्रशचं डोकं छोटं घ्या, लहान मुलांचा सॉफ्ट ब्रश पण चालतो म्हणाली. हात जड असेल तर मुठीत न धरता पेनासारखा धरा. माझा हात यानेच हलका झाला.

पुढच्या खेपेला आकडा विसाच्या खाली. मॅडमनी मान वर न करता सही केली. मला मात्र दहावी पास झाल्यासारखं वाटलं, नवऱ्याला फोन करून आकडा सांगितला.

आठवतंय तसं बाकीचं. रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश टाळू नका, थर राहतो म्हणूनच रक्त येतं, हलक्या हाताने करत राहिलं की एक-दोन आठवड्यांत कमी होतं (नाही झालं तर दाखवा, आणि शुगर असेल तर ती पण तपासून घ्या, हिरड्या आणि शुगर एकमेकांना बिघडवतात). सिगारेटवाल्यांना उलट रक्त कमी येतं आणि आजार लपून राहतो, हे ऐकून नवऱ्याने विषय बदलला. सासूबाईंची मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दात घासायचं साधन नाही, पण हे त्यांना सांगायचं काम मी त्या चष्मेवाल्या मुलीवर सोडलंय. पेस्ट मटारएवढी पुरते, फ्लोराइडवाली बघा. घासून झाल्यावर नुसतं थुंका, तांब्याभर पाण्याच्या चुळा भरल्या की फ्लोराइड पण वाहून जातं. क्लोरहेक्झिडीनचा माउथवॉश लिहून दिला तर पेस्टनंतर लगेच नको, अर्धा तास जाऊ द्या, आणि सांगितलेत तेवढेच दिवस वापरा, चहा पिणाऱ्यांचे दात त्याने तपकिरी होतात. दोन दातांच्या मध्ये रोजचा कुठलाच ब्रश जात नाही. फटी असतील तर ते बाटली धुवायच्या ब्रशसारखे इवलेसे इंटरडेंटल ब्रश मिळतात, दात चिकटलेले असतील तर फ्लॉस. रंगाच्या गोळ्या डेंटलचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात, एक पाकीट घरी आणून ठेवा, आरशासमोर स्वतःच बघा आणि मगच मंगळवारची रांग लावा.

आणि पहिल्याच दिवशी सांगा की मी करून दाखवते, तुम्ही बघा. नाही म्हणाले तर पीजीला बोलवा म्हणा.

खाली प्रोस्थोच्या मुलाने सही बघितली आणि त्याच दिवशी माप घेतलं. कॅप लॅबमध्ये आहे. बुधवारी फोन करा म्हणालेत, मी सोमवारीच करणार आहे.