तिरंगा का नाही करत?

‘अमेरिकन फौजींसाठी एवढे लाकडी झेंडे करता, मग आपला तिरंगा का नाही?’ गॅरेजमध्ये डोकावलेला मराठी पाहुणा हे विचारतोच. आम्ही राहतो सॅन अँटोनिओत. इथे मोठे लष्करी तळ आहेत, त्यामुळे प्रत्येक गल्लीत दोन-चार माजी सैनिक असतातच. ऑर्डर देतात त्या बहुतेक त्यांच्या बायका नाहीतर मुली, ११ नोव्हेंबरच्या व्हेटरन्स डेसाठी. फौजी स्वतःहून क्वचितच मागतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, उत्तर कामाच्या पद्धतीतच आहे. पाइनच्या दीड इंची तेरा पट्ट्या. म्हणजे उंची साडेएकोणीस इंच आणि लांबी तिच्या १.९ पट, ३७. प्रत्येक पट्टीवर गॅसचा टॉर्च फिरवायचा. पाइनचा मऊ भाग आधी जळतो, कडक शिरा तग धरतात. मग तारेचा ब्रश मारला की काजळी झडते आणि बोटाला जाणवतील अशा शिरा वर येतात. त्यावर लाल-निळा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग. निळ्या भागात पन्नास तारे, सहा-पाच-सहा-पाच अशा नऊ ओळींत, पटाशीने. ताऱ्याच्या पाच टोकांपैकी एखादं तरी शिरेच्या उलट जातं आणि नेमकी तिथेच ढलपी उडते. कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन हे झटक्यात करतं, पण ते तारे मला छापल्यासारखे वाटतात. आणि हो, झेंडा आडवा लावणार की उभा, हे आधीच विचारून घ्यावं लागतं. दोन्ही वेळा तारे बघणाऱ्याच्या डाव्या हाताला वरच हवेत. कापड उलटवता येतं, फळी कशी उलटवणार?

आता हेच तिरंग्याचं करून बघा. आपल्या ध्वजसंहितेत सुती, लोकरी, रेशमी, खादी आणि २०२१च्या बदलानंतर पॉलिएस्टरही आहे, लाकूड नाही. बरं, ‘मग तो झेंडाच नव्हे’ म्हणून सुटताही येत नाही. १९७१च्या राष्ट्र प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियमात ध्वजाची कशावरही काढलेली, कशाचीही केलेली प्रतिकृती ध्वजातच धरली आहे. ती चारचौघांत जाळणं गुन्हा. माझं तर निम्मं काम टॉर्चचं! वकील म्हणतील, हेतू बघतात. बघत असतील. चोवीस आऱ्यांचं चक्र कोरायला मलाही आवडलं असतं, पण केशरी पट्टीवर जाळ धरायला हात धजत नाही.

झेंड्यावर अक्षर उमटवू नये, हे अमेरिकेच्या फ्लॅग कोडमध्येही आहे. इथे ते कुणी फारसं मनावर घेत नाही. मी घेतो. नाव, हुद्दा, युनिट खालच्या वेगळ्या पट्टीवर. ताऱ्यांखाली कोरून मागितलं तर सरळ नाही म्हणतो.

आपल्याकडच्या माजी सैनिकांसाठी दारावरची पाटी करतो. साताऱ्याकडच्या गावांत ‘सुभेदार (निवृत्त)’ असं दिमाखात लिहिलेलं असतं ना, तशी. अक्रोडाचं लाकूड, देवनागरी अक्षरं, वर नुसतं तेल. हवी असेल तर हुद्दा मात्र नीट विचारून या. नायब सुभेदाराचा सुभेदार झाला तर खपून जातं, उलट झालं की पाटी परत येते.